शेगावच्या आधी एकदा नवेगावबांध

नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा लाइनीवरच्या समस्त बचत गटांतल्या ताई, काकू आणि मावश्यांना,

नमस्कार, जय भीम, जय सेवा.

धान चुरून झाले, पोती विकली गेली की आपल्या सगळ्या गटांत एकच विषय निघतो : यंदा कुठे? मग शेगाव, माहूर, रामटेक, मार्कंडा ही नावे फिरून फिरून येतात, आणि गाडीवाल्याचे भाडे ऐकले की निम्म्या बाया गप्प होतात. मागच्या वर्षी आमच्या बैठकीत मी गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या जंगलाचे नाव काढले. कोपऱ्यातून मावशी म्हणाली, "जंगल पाहाले जाता? अन् तेही पैसे देऊन? मंग मी रोज सरपणाले जातो ते काय फुकटचा सिनेमा हाय वो?"

सगळ्या खदाखदा हसल्या. त्या दिवशी ठरावाच्या वहीत विषय लिहिलाच नाही.

पण मावशीचे बोलणे माझ्या डोक्यातून जाईना. आपण जंगलात जातो त्या कशा जातो? मोह वेचायला वाकून, तेंदूपत्ता तोडायला वाकून, सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन. नजर जमिनीवर आणि कान पाठीमागे. वाकलेल्या माणसाला वाघ जनावर समजतो म्हणतात, त्यामुळे दर चार पानांमागे एकदा उभे राहायचे. तेंदूच्या दिवसांत आपल्या भागातून कसल्या बातम्या येतात ते तुम्हाला मी सांगायला नको. इतकी वर्षे जंगलाच्या काठावर काढली, पण जंगलात नुसते बसून इकडेतिकडे पाहिलेय असे आमच्या १८ जणींपैकी एकीलाही आठवेना. पुढच्या बैठकीत मी एवढेच विचारले, आणि विषय वहीत आला.

तर या जानेवारीत आम्ही जाऊन आलो. दोन दिवस, एक मुक्काम. जिप्सीत, म्हणजे जंगल फिरवणाऱ्या उघड्या गाडीत, बसलेल्या बाईला साडेसातशेच्या आत आणि जिप्सीत न बसलेल्या बाईला दोनशेच्या आसपास खर्च आला. आल्यापासून इतक्या गटांचे फोन येत आहेत की तेच तेच सांगून तोंड दुखले. म्हणून हे पत्र. ग्रामसंघाच्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने वाचा.

पहिला प्रश्न सगळ्या विचारतात : ताडोबा का नाही? नाव तर त्याचेच मोठे. १९५५ साली झालेले, महाराष्ट्रातले सगळ्यांत जुने राष्ट्रीय उद्यान, आपल्याच जिल्ह्यातले. जायचे असेल तर जरूर जा, माझी ना नाही. पण तिथे मुंबई-पुण्याचे आणि परदेशातले लोक वाघासाठी येतात, आणि जिथे सगळे जग येते तिथले भावही जगाचेच असतात. शनिवार-रविवारचा दर आणखी चढा. मंगळवारी बंद. गाभ्याच्या जंगलात मोबाइल नेता येत नाही, हे मात्र मला आवडले. आम्ही हिशोब मांडून पाहिला तेव्हा ध्यानात आले की जंगलाचा खर्च म्हणून जो सांगतात तो बहुतेक सगळा वाघाचा खर्च असतो. वाघ दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडला की जंगल स्वस्त होते. आमच्या गटात हे पटायला वेळ लागला नाही. वाघाला भेटायची हौस आपल्यापैकी कुणालाच उरलेली नाही.

नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. सुमारे १३४ चौरस किलोमीटर. २०१३ मध्ये नागझिरा, कोका वगैरे अभयारण्ये जोडून त्या सगळ्याचा मिळून व्याघ्र प्रकल्प केला. एकाच ठिकाणी मोठा तलाव, भोवती टेकड्या आणि पानझडीचे दाट जंगल, त्यामुळे पाण्यातले, झाडावरचे आणि जमिनीवरचे सगळे एका फेरीत दिसते. बिबट, अस्वल, रानगवा, रोही, सांबर, चितळ, रानकुत्रे, सगळे आहे. आणि वाघ अगदीच नाही असेही नाही. २०२३ च्या मे महिन्यात आपल्या ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी पकडून नागझिऱ्यात नेऊन सोडल्या होत्या. हे ऐकल्यावर आमची मावशी म्हणाली, "म्हणजे सासरी गेल्या. मंग भेटाले जाच लागते."

आता जायचे केव्हा ते सांगते. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभ्याचे जंगल बंद असते, आणि तेव्हा आपणही रोवणीत कंबरेपर्यंत चिखलात. दिवाळीनंतर कापणी, चुरणी, मग मंडईच्या जत्रा आणि नाटकं. मार्चपासून मोह, मेमध्ये तेंदू. उरतो तो जानेवारीचा पंधरवडा, ज्यांच्याकडे उन्हाळी धान आहे त्यांनी रोवणी लागायच्या आधीचा धरावा. नेमके त्याच दिवसांत तलावावर बाहेरदेशीचे पक्षी असतात. आठवड्याच्या मधले दिवस घ्या. गर्दी नसते, ऑटोवाला भाव धरून बसत नाही आणि गेटवर माणसाशी माणसासारखे बोलायला लोकांना फुरसत असते. प्रत्येक जंगलाला आठवड्याची एक सुट्टी असते, ती मात्र आधी फोन करून विचारून घ्या.

जाण्यासाठी गाडी करू नका. हे मी ठळक अक्षरात लिहिले असते, पण वहीतल्या पेनाने ठळक होत नाही. आपल्या दारातून गोंदिया–बल्लारशा पॅसेंजर जाते आणि तिच्यावर देवलगाव नावाचे छोटे स्टेशन आहे. तिथून नवेगावबांध अगदी जवळ. ऑटो मिळतो, हातात ओझे नसेल तर पायीही होते. रेल्वेत बायकांना सवलत नाही, म्हाताऱ्यांची होती ती २०२० पासून बंद आहे, पण पॅसेंजरचे तिकीटच इतके कमी की सवलतीची आठवण येत नाही. ज्यांचे गाव लाइनीपासून दूर आहे त्यांनी स्टेशनपर्यंत लालपरीने यावे. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धे तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीला तर फुकट. आजीला मागे ठेवू नका. आमच्या दोन आज्या आल्या, आणि त्या दोघींनीच सगळ्यांत जास्त पाहिले. ते पुढे सांगते.

गाडीत खिडकीजवळची जागा ज्या बाईने आयुष्यात कधी मागितली नाही तिला द्या. ब्रह्मपुरी सुटली की वडशाच्या अलीकडे वैनगंगा लागते. पुलावर आमचा डबा एकदम शांत झाला आणि चौघी-पाच जणींनी नाणी टाकली. (हा खर्च हिशोबात धरलेला नाही.)

पैशाचे आम्ही असे केले. पोळ्यापासून दर आठवड्याला ३५ रुपये, २२ आठवडे, म्हणजे एकीचे ७७०. ही रक्कम गटाच्या बचतीत मिसळली नाही. वेगळी वही, वेगळा डब्बा, किल्ली एकीकडे आणि डब्बा दुसरीकडे. सहलीच्या पैशातून कुणाला कर्ज द्यायचे नाही, हे पहिल्याच दिवशी ठरावात लिहा. आम्हाला दोनदा मोह झाला, एकदा एकीच्या नातीच्या दवाखान्यासाठी. तेव्हा आम्ही गटाच्या अंतर्गत कर्जातून दिले, पण डब्बा उघडला नाही. डब्बा एकदा उघडला असता तर आज हे पत्र तुमच्या हातात नसते.

खर्चातला मोठा भाग जिप्सीचा. गेटची फी, जिप्सीचे भाडे आणि गाइडचे पैसे असे तीन भाग असतात. ते डोकी मोजून नाही, गाडी मोजून द्यावे लागतात. एका जिप्सीत सहा जणी बसतात. म्हणून सहाच्या पटीत जा. सात जणी गेलात तर सातवीची जिप्सी सगळ्यांना बुडवते. आम्ही १८ होतो, तीन जिप्स्या बरोबर भरल्या असत्या, पण सहा जणींनी आधीच सांगून टाकले : आम्ही गाडीत बसणार नाही, तलावावर बसू. त्यात त्या दोन आज्या होत्या. आम्ही दोनच जिप्स्या घेतल्या आणि त्या सहा जणींचे उरलेले पैसे परत दिले. एकीने त्यातून सुनेला बांगड्या घेतल्या.

बुकिंग ऑनलाइन करावे लागते आणि त्यातच आमचे घोडे अडले होते. जिथे फॉर्म भरला तिथल्या पोराने एका ताईचे माहेरचे आडनाव टाकले, कारण ती घाईत माहेरचेच बोलली. आधार कार्डावर सासरचे. गेटवर नाव जुळेना. ताईचा चेहरा असा पडला की सांगता सोय नाही, तीस वर्षांत पहिल्यांदा माहेरच्या नावाने कुठे जात होती आणि तेच नडले. तेवढ्यात तिने पिशवीतून बँकेचे जुने पासबुक काढले, त्यात दोन्ही नावे होती, आणि तिथल्या माणसाने हसून सोडले. प्रत्येक वेळी असा माणूस भेटेलच असे नाही. तेव्हा फॉर्म भरताना आधार कार्ड हातात धरून एकेक अक्षर वाचून दाखवा, आणि जाताना झेरॉक्स नको, खरे कार्ड घ्या.

मुक्कामाला हॉटेल पाहिले नाही. आमच्या सीआरपी ताईने, म्हणजे गटांचे काम पाहणाऱ्या ताईने, तिकडच्या सीआरपी ताईला फोन केला, तिने तिथल्या एका गटाशी बोलणे करून दिले. त्यांनी समाजमंदिर उघडून दिले, रात्रीचा स्वयंपाक केला आणि त्याचे पैसे आम्ही त्यांच्या गटाला रोख दिले. पावती घेतली. वांग्याची भाजी, भात, लाखोळीची डाळ, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर. जेवण आपल्यासारखेच, फक्त तिखट त्यांचे जास्त. रात्री बाराला कुणीतरी दंडार गायला सुरुवात केली आणि मग झोप कसली. सकाळचा नाश्ता आणि पहिल्या दिवशीची शिदोरी आपलीच, घरून.

आता जंगलाचे.

पहाटेची फेरी होती. उघड्या जिप्सीत जानेवारीचा वारा असा लागतो की दात वाजतात. पर्यटक जाड जाकिटे घालून येतात. आमच्या बारा जणींनी घरच्या गोधड्या आणल्या होत्या. दोन जिप्स्या भरून रंगीबेरंगी गोधड्या जंगलात शिरल्या तेव्हा समोरून येणाऱ्या गाडीतल्या लोकांनी हरणांचे सोडून आमचेच फोटो काढले.

गाइड चांगला पोरगा होता, जवळच्याच गावचा. सुरुवातीला तो पाठ केल्यासारखे सांगत होता : हा ऐन, हा धावडा, हा बिजा. मागून आवाज आला, "अन् तो पलीकडचा चार. त्याच्यावर यंदा चारोळी कमी येईन, पालवी पाहा." पोरगा गप्प झाला. मग त्याने आमच्याकडून ऐकायला सुरुवात केली. एका अर्जुनाच्या खोडावर वरपासून खालपर्यंत खोल ओरखडे होते. तो म्हणाला, अस्वलाची नखे. मावशी म्हणाली, "वर आग्यामोहाचं पोळं असन, पाहा." सगळ्यांनी माना वर केल्या. फांदीच्या खाली जुन्या पोळ्याचा काळा डाग होता.

सगळ्यांत जास्त काय पाहिले विचाराल तर सरपण. खरेच सांगते. राष्ट्रीय उद्यानातून काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, असा कायदा आहे. तिथे झाड पडले की ते तिथेच कुजते. त्यावर वाळवी येते, बुरशी येते, वाळवीला खायला अस्वल येते. आम्हाला हे ऐकून माहीत होते, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळून खडखडीत झालेल्या धावड्याच्या फांद्या, कुणी न उचललेल्या, मैलोनमैल! एक ताई पूर्ण वेळ हरणांकडे न पाहता तेच मोजत होती. "हे आमच्या घरी दोन पावसाळे जाईन." उतरायची परवानगी असलेल्या जागी पाय मोकळे करायला उतरलो तर तिने सवयीने एक काटकी उचललीच. गाइडने नुसते पाहिले. तिने ती परत ठेवली, आणि ठेवताना जशी होती तशीच, त्याच अंगावर ठेवली.

चितळांचा मोठा कळप दिसला, रानगवे दिसले, सांबर दिसले. वाघ नाही. आपल्या वाघिणींना आम्ही आल्याचे कळले नसावे.

आणि तलावावर बसलेल्या सहा जणी? त्यांचे ऐकून आम्हा बारा जणींना थोडा हेवाच वाटला.

नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. आपल्या झाडीपट्टीतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बांधणारे हेच कोहळी लोक. भोवतीच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. पाटील पुढे देव झाला, कोलासूर म्हणून त्याची पूजा होते. बांध घालायला पाटील आणि पाणी राखायला बहिणी, असे आज्यांनी त्याचे वर्णन केले, आणि नावे कुणाची टिकली यावर त्यांचा थोडा वादही झाला. पक्षी ओळखण्यासाठी लोक तिथे जगभरातून येतात. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी असताना याच परिसरात वर्षे काढली आणि इथली झाडे-पाखरे मराठीत आणली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. आपल्या पोरांना त्यांचे नाव सांगा.

आज्यांना पक्ष्यांची नावे माहीत नव्हती, दुर्बीणही नव्हती. त्या गोधडी अंथरून, चुरमुरे खात, दुपारपर्यंत एका जागी बसल्या. कमळाच्या पानावरून न बुडता चालणारा पक्षी त्यांनी पाहिला. पाण्यावर बसलेला बदकांचा थवा एका घारीने उठवला, तर सगळे पाणी उठल्यासारखे वाटले म्हणाल्या. आणि डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हंसासारखे पक्षी. आम्ही परत आल्यावर आजीने बोटाने स्वतःच्या कपाळामागे दोन रेघा ओढून दाखवल्या, तेव्हा गाइड पोरगा म्हणाला, पट्टकादंब. तिबेटाकडून हिमालय ओलांडून येतात.

तिथून पुढे गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७० नंतर वसलेली. थंडीत नागपूरला स्वेटर विकायला बसतात ते लोक. आजीला हे सांगितले तर म्हणाली, "मंग त्यांच्या गावचे पाव्हणे दर साल पाहाले येतात त्यांना. बरं हाय." यावर मला अजून काही बोलता आलेले नाही.

सारस मात्र दिसले नाहीत. उभे राहिले तर आपल्या खांद्याच्या वर जातील एवढे उंच पक्षी, महाराष्ट्रात आता फक्त गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलेले. ते उद्यानात कमी, धानाच्या बांधीत जास्त राहतात, घरटेही बांधीतच करतात. म्हणजे त्यांना पाहायला तिकीट नाही, शेतकऱ्याची परवानगी लागते. पुढच्या वेळी तिकडच्या गटाने दाखवायचे कबूल केले आहे.

आता माझे तुमच्याकडे मागणे. तिकडच्या गटाच्या बाया आपल्याकडे यायच्या म्हणतात. त्यांना आपल्या भागातला मामा तलाव, झाडीपट्टीचे नाटक आणि एकदा चिमूर बाजूने ताडोब्याचे बफर, म्हणजे गाभ्याबाहेरचे जंगल, पाहायचे आहे. नाटक रात्रभर चालते, म्हणजे मुक्कामाचा प्रश्नच नाही. आमच्या एका गटाने हे होणार नाही. लाइनीवरच्या प्रत्येक स्टेशनजवळच्या एका गटाने आपले समाजमंदिर आणि एक वेळचा स्वयंपाक कबूल केला, तर नागभीडपासून गोंदियापर्यंत कोणत्याही गटाला हॉटेलचा रुपया लागणार नाही. जेवणाचे पैसे त्या त्या गटाला रोख मिळतील. प्रभाग संघाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी गटाचे नाव, स्टेशन आणि किती जणी झोपू शकतील एवढे एका चिठ्ठीवर लिहून आपल्या सीआरपी ताईकडे द्या.

पुढच्या सहलीसाठी आमची वही पोळ्याला उघडेल. दर आठवड्याला आता ४० रुपये ठरले आहेत. दुसऱ्या गटातल्या सहा जणींना घेता येईल. सहाच, सात नको.

आपली,
एका गटाची सचिव

ता. क. मावशी विचारते आहे की नागझिऱ्याला जायचे केव्हा. माहेरच्या वाघिणींची विचारपूस राहून गेली म्हणे. आणि येणाऱ्यांनी गोधडी आणि ताटली आपापली आणावी. आमच्याकडे ताटल्या १८ होत्या, त्यातली एक तलावात गेली.